चिठ्ठी खोटी, पाखरू खरे

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर वलगाव येते. तिथे पेढी नदीवर पूल आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी या पेढीच्या काठी, प्रवासातच, गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यामुळे ही लहानशी नदी वऱ्हाडातल्या घराघरांत माहीत आहे. हातात खराटा, डोक्यावर गाडगे आणि पायाखाली वाट, एवढाच संसार घेऊन हा माणूस जन्मभर चालत राहिला. रस्ता मात्र तिथे थांबत नाही. आसेगाव, परतवाडा करीत तो घाट चढतो आणि सेमाडोह, हरिसालच्या सागवनात शिरतो.

पुलाखालचे पाणीही थांबत नाही. पेढी पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवजवळ तापीत उतरते. तापी सातपुड्याच्या पायथ्याने शहादा-तळोद्याचा मुलूख मागे टाकून गुजरातेत जाते, मांडवी गावावरून वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. मेळघाटातली सिपनाही याच तापीची लेक. वाचकांनी हा नकाशा थोडा वेळ डोळ्यांपुढे ठेवावा, कारण आजची गोष्ट याच नदीच्या काठाने घडली आहे. ती एका हरवलेल्या पाखराची आहे आणि एका खोट्या चिठ्ठीची आहे.

पाठीवर पिशवी टाकून, पायी किंवा मिळेल त्या वाहनाने, परक्या मुलखातले प्राणी-पक्षी पाहत हिंडण्याची हौस आता आपल्या मुलांनाही लागली आहे. ऑस्ट्रेलियाचा किनारा त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर रोज संध्याकाळी फूटभर उंचीचे पेंग्विन समुद्रातून रांगेने वर येतात आणि माणसे ते पाहायला गर्दी करतात. कांगारू, कोआला हे तर शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचे. २०२४ पासून दर वर्षी एक हजार भारतीय तरुणांना तिथे वर्षभर हिंडत-हिंडत काम करण्याचा परवाना सोडतीने मिळू लागला आहे. वऱ्हाडातली पोरेही त्यात नाव घालणारच, आणि त्यांनी जरूर जावे. फक्त निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या पेंग्विनइतकेच, किंबहुना त्याहून दुर्मीळ असे एक अस्सल देशी पाखरू त्यांच्या घरामागच्या डोंगरात राहते. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात ते नाही. त्याचे नाव रानपिंगळा.

पिंगळा आपल्याला नवा नाही. वडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, खळ्याशेजारच्या आंब्यावर राहणारे, तिन्हीसांजेला चिरचिर करणारे ते लहान घुबड. पहाटेच्या अंधारात कुडबुडे वाजवत दारी येणारा आणि पाखराची भाषा कळते असे सांगून भविष्य बोलणारा भिक्षेकरी, त्यालाही आपण पिंगळाच म्हणत आलो. रानपिंगळा हा या गावपिंगळ्याचा रानातला भाऊबंद. दिसायला तसाच, पण नीट पाहिले तर वेगळा. गावपिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरलेले असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. त्याचे पोट पांढरेशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने दांडगे. शिवाय तो दिवसा जागा असतो. सकाळच्या उन्हात पानगळ झालेल्या झाडाच्या शेंड्यावर बसून सरडे, सापसुरळ्या, उंदीर हेरणारे हे घुबड आहे. असे दिवसाढवळ्या समोर बसणारे पाखरू शास्त्राच्या नोंदीतून ११३ वर्षे नाहीसे झाले होते.

त्याची पहिली नोंद १८७२ सालची. आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट या इंग्रज पक्षिसंग्राहकाला हा पक्षी मिळाला. त्याने तो ज्यांच्याकडे पाठवला ते गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत: ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते हिंदुस्थानातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविटचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायमचे गुंफले. पुढे पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी जमवलेली ह्यूम यांची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकून टाकली. खचलेल्या ह्यूम यांनी सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. एका माणसाच्या आयुष्यात पाखरांचे पर्व संपले आणि राजकारणाचे सुरू झाले. त्याच काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन आपल्या अमरावतीत झाले. ह्यूम यांनी नाव दिलेले पाखरू अमरावतीच्याच डोंगरात बसले आहे, हे मात्र तेव्हा कोणाला माहीत नव्हते.

ब्लेविटनंतर १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातील खरियार भागात एक पक्षी मिळाला. मग १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, काही नमुने गोळा केले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारायचा, आतले मांस काढून कातडीत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर दिवस, ठिकाण आणि मिळवणाऱ्याचे नाव. कातडी सगळ्या सारख्याच असतात. त्यांना बोलते करते ती चिठ्ठी. पाखरू कुठे राहत होते, कोणत्या ऋतूत दिसले, पुढच्या माणसाने कुठे शोधावे, हे सारे त्या दोन बोटांच्या कागदावर अवलंबून असते.

१८८४ नंतर हे घुबड पुन्हा कोणाला मिळाले नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याच्या अवघ्या सात कातड्या. त्यातली एक मात्र वेगळे सांगत होती. तिच्या चिठ्ठीवर १९१४ साल होते, ठिकाण होते तापीकाठचे मांडवी, आणि नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचे.

हे कर्नल म्हणजे ब्रिटिश लष्करातले आणि पक्षिशास्त्रातले एक बडे प्रस्थ. आफ्रिका, अरबस्तान, हिमालय सगळीकडे फिरलेले. सुमारे २० हजार पक्ष्यांचा स्वतःचा संग्रह त्यांनी १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. आपले सलीम अली १९३७ मध्ये त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? सर्वांनी धरून चालले की रानपिंगळा १९१४ पर्यंत गुजरातेत मांडवीला होता. पुढे सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनीही या पक्ष्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. पाखरू सापडले नाही. ते नामशेष झाले असावे, असे पुष्कळांना वाटू लागले.

पण नमुन्याची चिठ्ठी शोधणाऱ्याला वाट दाखवते आणि तिची वाटच खोटी असेल तर मागून येणारे सगळे चुकतात. मांडवीला ते पाखरू त्या चिठ्ठीपुरतेच होते.

ही गोष्ट उघडकीला आणली पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ महिलेने. १९९० च्या दशकात त्या दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करीत होत्या. त्यासाठी त्या जुने नमुने एकेक करून तपासत होत्या. माइनर्ट्झहागेन यांच्या काही नमुन्यांबद्दल ब्रिटिश अभ्यासक ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्येच शंका छापली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल या कर्नलांना संग्रहालयाच्या पक्षिदालनात काही काळ मज्जाव झाला होता, हेही नोंदलेले होते. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या घुबडाची क्षकिरणांनी तपासणी केली. कातडी नव्याने उसवून पुन्हा भरलेली दिसली. पण आतल्या कामाची मूळ धाटणी पुसता आली नव्हती. प्रत्येक शिंप्याचा हात वेगळा, तसा कातडी भरणाऱ्याचाही. हा हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे १८८४ च्या सुमारास खानदेशात मिळालेले पाखरू संग्रहालयातून चोरले गेले, त्याची चिठ्ठी फाडली गेली आणि नवे ठिकाण, नवे साल लिहून ते मोठेपणासाठी परत केले गेले. १९९९ मध्ये त्यांनी हे सगळे पुराव्यानिशी प्रसिद्ध केले.

एवढ्या मानमरातबाच्या माणसाने एका घुबडासाठी खोटे का बोलावे, याचे उत्तर कोणाला सापडलेले नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. खोटे साल लिहिल्यामुळे पाखराचे आयुष्य कागदावर ३० वर्षांनी वाढले आणि खोटे ठिकाण लिहिल्यामुळे शोधणाऱ्यांची पावले चुकीच्या रानात पडली.

ही चिठ्ठी बाजूला काढली तेव्हा खरी ठिकाणे उरली ती ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांची. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणांवर फिरले. तिथे काही मिळाले नाही. दिवस संपत आले तेव्हा ते डेव्हिडसनच्या खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, पायी हिंडताना, एका उघड्या झाडावर ते बसलेले दिसले. कोरे डोके, पांढरे पोट, दांडगे पाय. ११३ वर्षांनी शास्त्राला रानपिंगळा पुन्हा दिसला. त्यांच्या हातात नवे यंत्र फारसे नव्हते. दुर्बीण, कॅमेरा, आणि खऱ्या-खोट्याची निवड केलेली एक यादी, एवढ्यावर हे काम झाले.

वऱ्हाडाचा खरा संबंध इथून पुढे येतो. त्या जुन्या सात कातड्यांत मेळघाटची एकही नव्हती. शहाद्याला पक्षी मिळाल्यावर प्रश्न पडला की सातपुड्याच्या रांगेत पूर्वेकडेही तो असेल का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८-९९ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील जंगले पालथी घातली. चार ठिकाणी मिळून २५ पक्षी सापडले आणि त्यात मेळघाट होता. २००४ मध्ये राजू कसंबे, सतीश पांडे, जयंत वडतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळघाटातील आणखी नोंदी प्रसिद्ध केल्या. यात आपल्या वऱ्हाडातले हौशी पक्षिमित्र होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची, पाठीवर शिदोरी आणि पाण्याची बाटली, दिवसभर सागाच्या पाचोळ्यातून चालायचे आणि संध्याकाळी वहीत दिवस, वेळ, ठिकाण लिहायचे. डेव्हिडसनचेच काम, फक्त बंदूक वगळून.

आज रानपिंगळ्यांची सर्वांत भक्कम वस्ती ज्या मोजक्या ठिकाणी मानली जाते त्यात मेळघाट पुढे आहे. १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. वाघासाठी राखलेल्या त्या सागवनाने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, या घुबडालाही सांभाळले. पुढे २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. तरीही प्रौढ पक्ष्यांचा अंदाज एक हजाराच्या आतलाच आहे. एवढी माणसे तर वलगावच्या बाजारातसुद्धा जमतात.

इथे ‘सापडला’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. सापडला म्हणजे पुस्तकाला सापडला. सिपनेच्या काठी गुरे राखणाऱ्या कोरकू गुराख्याच्या डोक्यावरच्या फांदीवर हे पाखरू पिढ्यान्‌पिढ्या बसत आले असणार. त्याने ते पाहिलेही असणार. पण त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने चिठ्ठी लिहिली नाही. लंडनच्या दालनातल्या एका खोट्या चिठ्ठीला वजन होते, रानातल्या खऱ्या डोळ्याला नव्हते. या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट मला हीच वाटते.

ऑस्ट्रेलियातही असेच घडले आहे. तिथे नाइट पॅरट नावाचा, जमिनीवर राहणारा, रात्री फिरणारा हिरवट पोपट आहे. १९१२ नंतर त्याचा पत्ता नव्हता. १९९० मध्ये क्वीन्सलँडच्या आतल्या भागात रस्त्याच्या कडेला तो मेलेला सापडला. २०१३ मध्ये एका निरीक्षकाने जिवंत पक्ष्याचे छायाचित्र घेतले आणि जगभर जल्लोष झाला. पुढे त्याच निरीक्षकाच्या नंतरच्या काही नोंदींविषयी शंका आल्या, चौकशी झाली आणि २०१९ मध्ये संबंधित संस्थेने त्या नोंदी मागे घेतल्या. पाखरू खरे होते, पण काही नोंदी टिकल्या नाहीत. शेवट मात्र गोड आहे. २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रेट सँडी वाळवंटात या पोपटांची, ५० पर्यंत पक्षी असतील अशी, सर्वांत मोठी ज्ञात वस्ती जाहीर झाली. ती शोधणाऱ्यांत पुढे होते त्याच भूमीचे मूलनिवासी वनरक्षक. आपल्या आजोबांच्या पाणवठ्यांच्या, गवताच्या आणि जाळाच्या माहितीवर त्यांनी शास्त्रज्ञांबरोबर ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावली. जे डोळे पूर्वी कोणी मोजले नव्हते, ते तिथे आता मोजले जाऊ लागले आहेत.

मेळघाटातही हे होऊ शकते, काही प्रमाणात होतही आहे. वनमजूर, वाटाडे, गस्तीचे वनरक्षक यांच्या नोंदींवरच आज जंगलाची खरी माहिती उभी राहते. मात्र रानपिंगळ्याचे संकट टळलेले नाही. त्याला लागते ते विरळ, कोरडे सागवन, ढोली असलेली जुनी झाडे आणि आसपास मोकळे गवत. जुने झाड पडले की घरटे गेले. वणवा लागला की सरडे-उंदीर गेले. तोरणमाळ भागात अतिक्रमणाने त्याचे रान आकसल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आणि घुबड म्हणजे अपशकुन, घुबड म्हणजे करणीचे साहित्य, हा समज अजून पुरता मेलेला नाही. ज्या गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून नवससायास, अंगात येणे आणि पशुबळी यांवर कोरडे ओढले, त्यांच्याच वऱ्हाडात एखाद्या पाखराचा जीव अशा समजुतीपायी जावा, हे आपल्याला शोभत नाही.

आता ज्यांना हे पाखरू पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. व्याघ्रप्रकल्पात मनाला येईल तसे पायी हिंडता येत नाही. वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या लागतो. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत चांगली. सूर्य वर आल्यावर उघड्या शेंड्यांकडे पाहत चालावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, विशेषतः वीण सुरू असताना. ढोलीजवळ जाऊन छायाचित्र घेऊ नये आणि घरट्याची जागा चारचौघांत पसरवू नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा पाहण्याचा उपक्रम वनखाते करते, त्यातही जरूर भाग घ्यावा.

आणि वहीत लिहावे. दिसले तर दिसले, दिसले नाही तर नाही. ठिपके नीट दिसले नसतील तर तसेच लिहावे. गावपिंगळ्याला रानपिंगळा म्हणून चार मित्रांत वाहवा मिळते, पण चाळीस वर्षांनी कोणी तरी त्या नोंदीवर विसंबून त्या रानात जाईल आणि रिकाम्या हाताने परतेल. कर्नलसाहेबांचा खोटेपणा मोठ्या नावामागे कित्येक दशके लपला. आपल्या वहीला मोठे नाव नाही. तिला खरेपणाचाच आधार आहे.

वलगावच्या पुलावर गाडी थांबवून लोक बाबांना हात जोडतात. तिथून पुढे जाताना खाली पेढीकडेही पाहावे. तिचे पाणी शहाद्याच्या खऱ्या चिठ्ठीजवळून जाते आणि मांडवीच्या खोट्या चिठ्ठीजवळूनही. पाखरू पाहायला मात्र नदीच्या उलट दिशेने, डोंगराकडे निघायचे आहे. रस्ता तोच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)